निळ्या पुडीतला कार्बन कुठला? जळगाव जिल्ह्यातल्या एका प्रयोगशाळेचं प्रकरण

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमची कार्बन डायऑक्साइडची टाकी संपली. "टाकी रिकामी व्हयी गयी, मॅडम," असं नानांनी दारातूनच सांगितलं. नाना आमचे प्रयोगशाळा परिचर. प्रकाश आणि एका निळ्या पुडीच्या मदतीने कार्बन डायऑक्साइडचं कार्बन मोनॉक्साइड करायचं, हे आमचं काम; टाकी त्यासाठीच. नवी टाकी सण झाल्यावरच मिळणार होती. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी यावल तालुक्यातली, घरी केळीचे मळे. कापणीच्या हंगामात हात रिकामे ठेवायचे नसतात हे ती घरूनच शिकून आलेली. गळती तरी तपासून घेऊ म्हणून तिने रिअ‍ॅक्टरमध्ये भट्टीसाठी आणलेला आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरला. आत आदल्या दिवशीची निळी पूड आणि थोडी पाण्याची वाफ होतीच. झेनॉनचा दिवा नवा बसवला होता, तोही तासभर चालवून पाहिला. मग सवयीने वायूचा नमुना सिरिंजमध्ये ओढला आणि जीसीत, म्हणजे वायू वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, टोचला.

पडद्यावर कार्बन मोनॉक्साइडचं शिखर उभं राहिलं. रोज जिथे येतं तिथेच, आणि उंचीही ओळखीची.

"मॅडम, आत कार्बन डायऑक्साइड नाहीच. मग हा कार्बन आला कुठून?"

त्या वेळी आमच्या शोधनिबंधाचा मसुदा जवळजवळ तयार होता. एका परिषदेला सारांशही पाठवून झाला होता. या प्रश्नाने आमची पुढची अकरा महिन्यांची दिशा बदलली. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांमध्ये आज याच विषयावर काम चालतं आणि हीच चूक पुन्हा पुन्हा होऊ शकते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

पूड निळी का केली होती

टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे टायटॅनिया, हा पांढऱ्या रंगाचा भुगा. भिंतीच्या रंगात आणि टूथपेस्टमध्ये असतो तोच. 1972 साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन होतं हे दाखवलं. 1979 मध्ये इनोउए, फुजिशिमा, कोनिशी आणि होंडा यांनी अशाच अर्धवाहक पुडी पाण्यात कालवून, त्यांवर प्रकाश टाकून कार्बन डायऑक्साइडचं रूपांतर करून दाखवलं. तेव्हापासून या धातूच्या ऑक्साइडांनी रसायनशास्त्रज्ञांना झपाटलं आहे.

भुसावळजवळून जाताना दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथले 500 मेगावॅटचे दोन संच कोळसा जाळतात. वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाने तो धूर पाहिलेला असतो. इकडे जळगावचा मे महिना, पारा 45 अंशांकडे. आपल्याकडे ऊनही आहे आणि धूरही आहे, मग एकाने दुसऱ्याचं इंधन करता येईल का, हा प्रश्न खानदेशातल्या विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकवावा लागत नाही. माझी विद्यार्थिनी या विषयाकडे वळली ती याच प्रश्नामुळे.

अडचण दुहेरी आहे. अ‍ॅनाटेज रूपातल्या टायटॅनियाचा ऊर्जापट्ट्यांमधला फरक 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे साधारण 387 नॅनोमीटरहून आखूड लांबीचा प्रकाशच त्याला चालतो, आणि सूर्यप्रकाशात असा अतिनील भाग जेमतेम 4-5 टक्के. दुसरी अडचण कार्बन डायऑक्साइडची स्वतःची. हा रेणू सरळ रेषेतला, घट्ट बांध्याचा. त्याला एकच इलेक्ट्रॉन द्यायचा तर उणे 1.9 व्होल्टची पातळी लागते. उदासीन पाण्यात टायटॅनियाच्या इलेक्ट्रॉनांची पातळी उणे 0.5 च्या आसपास. एवढी दरी एका उडीत पार होत नाही. दोन इलेक्ट्रॉन एकदम देऊन कार्बन मोनॉक्साइड करायचा तर उणे 0.53 पुरतं. पण त्यासाठी आधी पृष्ठभागाने त्या रेणूला धरून वाकवायला हवं.

इथे दोष कामाला येतो. स्फटिकाच्या जाळीतून ऑक्सिजनचा एक अणू काढून घेतला की त्याची जागा रिकामी राहते आणि दोन इलेक्ट्रॉन मागे उरतात. ते शेजारच्या टायटॅनियमवर बसतात, त्यामुळे त्याचा भार अधिक चारवरून अधिक तीनवर येतो. या रिकाम्या जागेला आम्ही सगळे व्हेकन्सी म्हणतो. तिच्यामुळे पट्ट्यांच्या मधल्या अंतरात नव्या पातळ्या येतात, पूड दृश्य प्रकाश शोषू लागते आणि तिचा रंग निळसर, करडा, शेवटी काळा होत जातो. शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या टोकाच्या ऑक्सिजनला बसायला जागा होते आणि रेणू वाकतो. 2011 मध्ये चेन आणि माओ यांच्या गटाने हायड्रोजनच्या 20 बार दाबाखाली 200 अंशांवर पाच दिवस ठेवून काळा टायटॅनिया केला. मग जगभरातल्या प्रयोगशाळा आपापली भट्टी पेटवून या मागे लागल्या. आम्हीही लागलो.

एक इशारा मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी देते. व्हेकन्सी पृष्ठभागावर असेल तर ती उपयोगी ठरू शकते. दाण्याच्या पोटात खोलवर असेल तर तिथे इलेक्ट्रॉन आणि पोकळी, म्हणजे प्रकाशाने सुटी झालेली धन आणि ऋण भारांची जोडी, पुन्हा एकमेकांना भेटतात आणि प्रकाशाची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. म्हणून पूड जितकी काळी तितकी चांगली, हे खरं नाही. बहुतेक मालिकांमध्ये मधली एखादी छटा सर्वांत पुढे असते.

आमच्याकडे 20 बारचा हायड्रोजन नाही. आम्ही सोपा मार्ग घेतला. पांढरा टायटॅनिया ऑक्सिजन खेचून घेणाऱ्या सोडियम बोरोहायड्राइडबरोबर खलात घोटायचा, आर्गॉनच्या प्रवाहात 350 अंशांवर तासभर तापवायचा, गार झाल्यावर धुवायचा आणि 60 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवायचा. सुंदर निळी पूड मिळाली. पांढऱ्यापेक्षा तिने कितीतरी जास्त कार्बन मोनॉक्साइड दिला. आम्ही खूश होतो.

वहीत दडलेली ओळ

टाकी संपलेल्या त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी तिची नोंदवही उघडून बसलो. दोन गोष्टी आधीपासून तिथे होत्या आणि मी त्यांच्याकडे पुरेसं लक्ष दिलं नव्हतं. ही चूक माझी, विद्यार्थिनीची नाही.

एक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड पहिल्या तासात सर्वांत जास्त यायचा आणि मग झपाट्याने उतरायचा. उत्प्रेरक थकतो असा अर्थ मी लावला होता. साठलेलं काहीतरी संपतं आहे, असाही त्याचा अर्थ होऊ शकत होता.

दुसरी गोष्ट धुण्याची. वहीत लिहिलं होतं: "तीनदा पाण्याने, दोनदा इथेनॉलने धुतले." पाण्याने बोरेट आणि सोडियमचे क्षार जातात, इथेनॉलने पूड लवकर वाळते. सगळेच असं करतात. पण ज्या पांढऱ्या पुडीशी आम्ही तुलना करत होतो ती इथेनॉलने धुतलीच नव्हती. तिला धुण्याची गरज कुठे होती? ती भट्टीतून थेट बाटलीत गेली होती.

इथेनॉल टायटॅनियाच्या पृष्ठभागावर नुसतं ओलसर राहत नाही. ते टायटॅनियमशी बंध जोडून इथॉक्साइड होऊन बसतं, आणि 60 अंशांना ते निघत नाही. जिथे ऑक्सिजनची जागा रिकामी, तिथे तर ते हौसेने बसतं. म्हणजे जास्त दोष असलेल्या पुडीत जास्त कार्बन. आमच्या आलेखात दोषांची संख्या वाढली की उत्पादन वाढतं असं दिसत होतं. कदाचित आम्ही इथेनॉलच मोजत होतो.

किती कार्बन पुरेसा आहे हे फळ्यावर लिहून पाहिलं. रिअ‍ॅक्टरमध्ये 100 मिलिग्रॅम पूड. तिच्यावर वजनाने फक्त 0.1 टक्का कार्बन आहे असं धरलं, तर तो झाला 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 8.3 मायक्रोमोल. चार तासांत आमचं एकूण उत्पादन होतं दोन मायक्रोमोलच्या आसपास. टक्क्याचा दहावा भाग, नजरेला न दिसणारा, आणि तो आमचा सगळा शोध चारदा झाकू शकत होता.

ही धोक्याची सूचना जुनी आहे, हे सांगायला हवं. नेदरलँड्समधल्या गिडो मुल यांच्या गटाने 2010 मध्येच तांबं मिसळलेल्या टायटॅनियावर कार्बन-13, म्हणजे कार्बनचं जरा जड समस्थानिक, खूण म्हणून वापरून दाखवलं होतं की, मिळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये पुडीवर उरलेल्या कार्बनचा मोठा वाटा असतो. तो निबंध मी वाचलेला होता. वाचणं आणि आपल्या वहीला लावून पाहणं यात अंतर पडलं.

पाच प्रयोग

परिषदेचा सारांश आम्ही मागे घेतला. मुलीला रडू आलं. मी तिला म्हटलं, "अगं, छापून आल्यावर दुसऱ्याने दाखवलं असतं तर?" ते तेव्हा तिला पटलं नाही. दिवाळी संपवून परत आली तेव्हा मात्र कागदावर प्रयोगांची यादी घेऊनच आली.

अंधारात, कार्बन डायऑक्साइड आणि पुडीसह: काही नाही. प्रकाशात, पुडीविना, रिकाम्या रिअ‍ॅक्टरमध्ये: अगदी थोडा, पण शून्य नाही. जळगाव एमआयडीसीत आम्ही स्टीलचा तो रिअ‍ॅक्टर करून घेतला, क्वार्ट्‌झच्या खिडकीसह. तिच्या रबरी रिंगला व्हॅक्यूम ग्रीस लावलेलं होतं आणि ते प्रकाशात येत होतं. ग्रीस पुसलं, रिंग बदलली, ते शिखर गेलं.

आर्गॉन, पूड, पाणी, प्रकाश: टाकी संपली त्या दिवशीसारखाच निकाल. पुन्हा केला, पुन्हा तोच.

चौथा प्रयोग निर्णायक ठरला आणि तो तिचा होता. पांढरी पूड घेतली, बोरोहायड्राइड काही नाही, फक्त दोनदा इथेनॉलने धुतली, ओव्हनमध्ये वाळवली, आर्गॉनमध्ये प्रकाश दिला. पांढऱ्या पुडीनेही कार्बन मोनॉक्साइड दिला. निळीपेक्षा कमी, पण न धुतलेल्या पांढरीपेक्षा स्पष्ट जास्त. पाचवा त्याच्या उलट: निळी पूड फक्त पाण्याने सात-आठ वेळा धुतलेली. उत्पादन कोसळलं.

नाना हे सगळं पाहत होते. "काय व्हयनं, मॅडम, आते पहिलेसारखं येत नई का?" त्यांनी विचारलं. पहिल्यासारखं येत नाही, पण जे येतं ते कुठून येतं ते कळायला लागलंय, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बाटल्या धुवायला घेतल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे या कामाच्या काचेच्या वस्तूंना अ‍ॅसिटोन लावत नाहीत.

दोष खरोखर होते का

कार्बनचा गोंधळ उलगडला तरी हा प्रश्न वेगळा होता. निळा रंग हा पुरावा असला तरी अर्धा. आमच्या मसुद्यात क्ष-किरण प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटातलं ऑक्सिजनचं 531.5 इलेक्ट्रॉन व्होल्टजवळचं खांद्यासारखं शिखर "ऑक्सिजन व्हेकन्सी" म्हणून दाखवलं होतं. असंख्य निबंधांत ते तसंच दाखवलेलं असतं. पण नीट विचार केला तर जो अणू तिथे नाहीच, त्याचं शिखर कसं येईल? तिथे येतात ते पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट, चिकटलेलं पाणी आणि कार्बोनेट. व्हेकन्सी असलेल्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल जास्त बसतात, म्हणून शिखर वाढतं. इथेनॉलने धुतल्यावरही ते वाढतं! तो आलेख आम्ही मसुद्यातून काढून टाकला.

भरवशाचा पुरावा इलेक्ट्रॉनच्या फिरकीचा, म्हणजे ईपीआर. रिकाम्या जागेत अडकलेला एकटा इलेक्ट्रॉन 2.003 या जी-मूल्याजवळ (वर्णपटातली जागा सांगणारा आकडा) दिसतो, अधिक तीन भाराचा टायटॅनियम 2 च्या खाली. ही सोय आमच्याकडे नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या सैफ या उपकरण केंद्रात नमुना पाठवायचा. पण रात्रभराच्या रेल्वेप्रवासात हवा आणि दमटपणा लागून पृष्ठभागावरच्या रिकाम्या जागा भरून निघतात. मोजमाप होतं ते प्रवासाने बदललेल्या पुडीचं. म्हणून तिने नमुने आर्गॉनमध्ये काचेच्या नळीत भरून ज्योतीवर तोंड वितळवून बंद केले. द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला दोन्ही खुणा दिसल्या. दोष होते.

पुढचे नमुने आम्ही वेगळ्या वाटेने केले. बोरोहायड्राइडही नको, धुणंही नको. आर्गॉनमध्ये 5 टक्के हायड्रोजन असलेला मिश्रवायू, नळीची भट्टी, 500 अंश. या पद्धतीत पुडीला कार्बनचा स्पर्शच होत नाही. रंग आधीसारखा देखणा निळा आला नाही, करडेपणाकडे झुकलेला आला. प्रत्येक प्रयोगाआधी दमट आर्गॉनमध्ये रात्रभर प्रकाश देऊन पृष्ठभाग साफ करायचा आणि आर्गॉनमधलं कार्बन मोनॉक्साइडचं शिखर दिसेनासं झाल्यावरच कार्बन डायऑक्साइड सोडायचा. या सफाईत काही दोष मरतात. ती किंमत मोजायची.

कार्बन-13

आता खूण केलेला कार्बन वापरायची वेळ होती. कार्बन-13 चा कार्बन डायऑक्साइड महाग, एक छोटीशी बाटली मिळाली आणि प्रत्येक मिलिलिटर जपून वापरला. साध्या कार्बनचा मोनॉक्साइड वस्तुमानमापकावर 28 ला दिसतो, खूण केलेला 29 ला.

ऐकायला सोपं आहे, पण यात तीन सापळे आहेत आणि तिन्हीत आम्ही पडता पडता वाचलो. नायट्रोजनचं वस्तुमानही 28, आणि त्यातल्या जड समस्थानिकामुळे सुमारे 0.7 टक्के नायट्रोजन 29 ला दिसतो. म्हणजे हवेची बारीकशी गळती "यश" म्हणून समोर येते. त्याहून मोठा सापळा असा की, खूण केलेला कार्बन डायऑक्साइड मापकाच्या आत स्वतःच तुटतो आणि त्याचा तुकडा नेमका 29 ला पडतो. अभिक्रिया झालीच नाही तरी 29 मिळणार! म्हणून आधी स्तंभातून वायू वेगळे करायचे आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडण्याच्या वेळेलाच 29 पाहायचं. तिसरा सापळा रसायनाचा. पुडीवरचा जुना कार्बन आणि नवा कार्बन डायऑक्साइड एकत्र येऊन दोन कार्बन मोनॉक्साइड देऊ शकतात, एक 28 चा, एक 29 चा. दोन्ही शिखरं सारखी आली तर आनंद करायचा नाही, शंका घ्यायची.

आमच्या इथेनॉलने धुतलेल्या जुन्या निळ्या पुडीत 28 चं शिखर वरचढ होतं. नव्या करड्या, साफ केलेल्या पुडीत 29 ठळकपणे पुढे. उत्पादन मात्र पूर्वीच्या साधारण सहाव्या भागावर आलेलं. पांढरीपेक्षा तरीही जास्त. त्या दुपारी तिने आईला फोन लावला आणि "आमचा कार्बन खरा निघाला" असं सांगितलं. मला हे वाक्य फार आवडलं.

जागा भरली, पुढे काय

इथे प्रकरण संपवता आलं असतं. कार्बन पुडीवरचा नसून कार्बन डायऑक्साइडमधला आहे हे सिद्ध झालं, दोष आहेत हेही सिद्ध झालं. पण दोष उत्प्रेरक म्हणून काम करतो का, हे अजून ठरलं नव्हतं.

धुळ्याला जाणाऱ्या एसटीत एक आसन रिकामं आहे. प्रवासी चढला, बसला. तो पुढच्या थांब्यावर उतरला तर तेच आसन दिवसभरात वीस जणांच्या कामी येईल. शेवटच्या थांब्यापर्यंत बसूनच राहिला तर एकदाच कामी येईल. कार्बन डायऑक्साइड आपला एक ऑक्सिजन रिकाम्या जागेत ठेवून कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जाऊ शकतो. जागा भरली, पूड पांढरी झाली, काम संपलं. हे उत्प्रेरण नव्हे, ही पुडीचीच अभिक्रिया झाली. तो ऑक्सिजन पुन्हा उतरला पाहिजे.

हिशेब केला. 100 मिलिग्रॅम टायटॅनियात सुमारे 1.25 मिलिमोल टायटॅनियम, म्हणजे 2.5 मिलिमोल ऑक्सिजन. त्यातल्या फक्त 1 टक्का जागा रिकाम्या धरल्या तर 25 मायक्रोमोल. आमचं उत्पादन त्याच्या पासंगालाही पुरत नव्हतं. नुसत्या उत्पादनाच्या आकड्यावरून आम्ही कधीच उत्प्रेरणाचा दावा करू शकत नव्हतो. निबंधांमध्ये "प्रति ग्रॅम प्रति तास" असा आकडा असतो, तो हे झाकतो. शंभर मिलिग्रॅमला मिळालेलं थोडंसं दहाने गुणलं की मोठं दिसतं.

म्हणून ऑक्सिजन मोजायचा. पाण्यातून इलेक्ट्रॉन येत असतील तर दर दोन कार्बन मोनॉक्साइडमागे ऑक्सिजनचा एक रेणू यायला हवा, मिथेन असेल तर प्रत्येकी दोन. हवेतून शिरलेला ऑक्सिजन वजा करायला नायट्रोजनचं शिखर धरायचं, कारण हवेत 78 ला 21 हे प्रमाण ठरलेलं आहे. हे आम्ही बारा वेळा केलं. वजाबाकीनंतर ऑक्सिजन आला, पण हवा होता त्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि चार फेऱ्यांनंतर पुडीचा करडेपणा उतरला. काही प्रवासी उतरत होते, बरेचसे बसून राहत होते.

मी तिला प्रबंधात हेच लिहायला सांगितलं आहे, याच शब्दांत नाही, पण याच अर्थाने. उत्पादनाचा मोठा भाग रिकाम्या जागा भरण्यातून येतो, उरलेला कदाचित उत्प्रेरणातून. दीपनगरच्या चिमणीचा धूर थेट वापरायचं आमचं स्वप्नही यातून नव्याने तपासावं लागलं. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण 12 ते 15 टक्के, बाकी मुख्यतः नायट्रोजन, आणि काही टक्के ऑक्सिजन उरलेलाच असतो. तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडच्या आधी येऊन आसन धरणार. धूर आधी शुद्ध केल्याशिवाय अशी पूड तिथे टिकणार नाही.

आता ती टायटॅनियाच्या जोडीला सिरियाचे नमुने करते आहे. सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन सोडतो आणि परत घेतो, गाड्यांच्या एक्झॉस्ट नळीतल्या उत्प्रेरकात त्याचा हाच गुण वापरतात. प्रवासी उतरवायला तो मदत करेल का, एवढाच प्रश्न. नोंदवहीत तिने एक नवा रकाना आखला आहे आणि तो डावीकडून पहिला आहे: आर्गॉन. तो भरल्याशिवाय पुढचे रकाने कोरे राहतात.

आज सकाळी सातवा नमुना भट्टीत गेला. तापमान उतरायला रात्रीचे अकरा वाजतील. तोवर नाना थांबणार आहेत, आणि तीही.